नकाशावर न उमटणाऱ्या वस्त्यांचे काय?

गेल्या काही वर्षांत समाजातील लहानमोठ्या संस्थांनी स्वतःच्या वेबसाईट सुरू केल्या आहेत. कोणी ॲट्रॉसिटी कायद्याची माहिती देते, कोणी शिष्यवृत्तीच्या तारखा कळवते, कोणी जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी देते. हे काम आवश्यक आहे आणि ते करणाऱ्या तरुणांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु या वेबसाईटच्या मागोमाग कामाची दिशा ठरवण्याची एक नवी पद्धत आपल्या संस्थांत शिरली आहे. तिची तपासणी करण्याची वेळ आता आली आहे.

पद्धत अशी. कार्यकारिणीच्या बैठकीत संगणक जाणणारा कार्यकर्ता पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा दाखवतो. वेबसाईट कुठून किती लोकांनी पाहिली, त्याचे ठिपके त्यावर असतात. मुंबईवर भला मोठा ठिपका, पुण्यावर त्याहून थोडा लहान, नागपूर, औरंगाबाद, नाशिक येथे मध्यम आणि उरलेला महाराष्ट्र जवळजवळ कोरा. मग कोणीतरी म्हणते, "जिथे प्रतिसाद आहे तिथे शिबिर घ्या, जिथे प्रतिसादच नाही तिथे पैसा कशाला घालवायचा?" सगळे माना डोलावतात आणि वर्षाची तीन शिबिरे मुंबई, पुणे, नागपूर येथे ठरतात. जिथे आधीच दहा संस्था, चार वकील आणि दोन वाचनालये आहेत, तिथे अकरावी संस्था जाते.

हा निर्णय आकडेवारीवर आधारलेला, म्हणून शास्त्रीय, असे या मंडळींना वाटते. प्रत्यक्षात तो आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही, याची चौकशी कोणी केलेली नसते. न्यायालयात पुरावा दाखल झाला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही. त्याची उलटतपासणी व्हावी लागते. या नकाशाचीही उलटतपासणी करू.

पहिला प्रश्न. वेबसाईट पाहणारा कुठे आहे हे कळते कसे? इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची मागणी एका आकडी पत्त्यावरून येते. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. कोणते पत्ते कोणत्या कंपनीकडे आणि साधारण कोणत्या शहरात वापरात आहेत, याच्या याद्या काही कंपन्या बाळगतात. भेटी मोजणारे साधन त्या यादीत डोकावते आणि शहराचे नाव लिहिते. माणसाचा पत्ता तिथे कोणी तपासलेला नसतो. तो एक अंदाज असतो. देश ओळखण्यात हा अंदाज बहुधा बरोबर येतो, राज्य ओळखण्यात कमी आणि गाव ओळखण्यात तर त्याच्यावर विसंबणे धोक्याचेच.

दुसरा प्रश्न मोबाईलचा. आपल्या वस्तीत इंटरनेट म्हणजे मोबाईल. घरात संगणक आणि तारेची जोडणी असणारी कुटुंबे थोडी. मोबाईल कंपन्या शेकडो, कधी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि तो पत्ता बहुतेक वेळा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहराचा दिसतो. परिणाम काय? जालना जिल्ह्यातील एखाद्या वाडीत बसून मुलीने शिष्यवृत्तीचे पान उघडले, तरी ती नकाशावर मुंबईत किंवा पुण्यात उमटू शकते. म्हणजे मुंबईचा तो भला मोठा ठिपका सगळा मुंबईचा नाही. त्यात खेड्यापाड्यातली माणसे दडलेली आहेत, आणि आपण मात्र त्यांच्या नावावर मुंबईत शिबिर घेतो!

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या नकाशावर उमटतच नाही असा माणूस कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील स्त्री-पुरुषांना विचारले गेले की, तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे काय? देशात ५७.१ टक्के पुरुषांनी होय म्हटले आणि अवघ्या ३३.३ टक्के स्त्रियांनी. ग्रामीण भागातील स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते. म्हणजे खेड्यातील चारपैकी तीन बायांनी तोवर इंटरनेटला हातही लावलेला नव्हता. त्यानंतर मोबाईल वाढले हे खरे, पण घरातला एकुलता मोबाईल कोणाच्या खिशात असतो हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. अत्याचाराची झळ ज्या बाईला आधी बसते, तिची वेबसाईटवर भेट नोंदवलीच जात नाही. आणि नोंद नाही म्हणून तिच्या तालुक्यात आपण जात नाही. हा न्याय झाला काय?

याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहराचे आहे. तिथल्या नगर प्रशासनाने २०१२ च्या सुमारास रस्त्यावरचे खड्डे शोधण्यासाठी 'स्ट्रीट बम्प' नावाचे मोबाईल ॲप आणले. गाडी खड्ड्यातून गेली की मोबाईलला बसणारा हादरा जागेसह आपोआप नोंदला जाई. कल्पना नामी होती. पण स्मार्टफोन असणारे लोक सुखवस्तू भागात जास्त होते आणि गरीब व वृद्ध लोकांच्या भागात कमी. केवळ आलेल्या नोंदींवर दुरुस्ती केली असती तर श्रीमंतांचे रस्ते आधी गुळगुळीत झाले असते. ही अडचण ओळखून ते ॲप आधी पालिकेच्या रस्ते निरीक्षकांना देण्यात आले, कारण निरीक्षकांना शहराच्या सर्व भागांत फिरावेच लागते. यंत्र तेच राहिले. ते कोणाच्या हाती द्यायचे हे बदलले आणि गरीब वस्तीचे खड्डे नोंदीत येण्याची सोय झाली.

आता चौथा प्रश्न, जो आपल्या समाजाच्या स्थितीतून उभा राहतो. ठिपका जिथे दिसतो तिथेच त्या माणसाची अडचण असते काय? जात पडताळणीचेच घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीत जन्मलेला मुलगा वेबसाईट मुंबईतून पाहतो. परंतु आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जुना सातबारा हे सारे कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावी असते. ठिपका मुंबईचा, कागद गावचा. या मुलाला मुंबईतील व्याख्यानाचा काय उपयोग? त्याला गावच्या तहसील कचेरीत सोबत येणारा कार्यकर्ता हवा.

तीच गोष्ट ऊसतोड मजुरांची. दिवाळीच्या आसपास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या भागात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीच्या नकाशात ती बीडमध्ये शोधून सापडणार नाहीत. मुलांची शाळा सुटणे, मुकादमाची उचल, बाईवरचा अत्याचार, या तक्रारी त्या काळात फडावर घडतात, तर मतदारयादी आणि रेशनकार्ड गावी असते. तसेच ६ डिसेंबरच्या सप्ताहात दादरला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो लोक एकत्र येतात. त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या भेटी वाढल्या तर त्यावरून तिथली गरज वाढली असा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. तो सारा महाराष्ट्र दोन दिवस एका जागी आलेला असतो.

मग हा नकाशा फेकून द्यावा काय? मुळीच नाही. साक्षीदार अर्धवट बोलतो म्हणून त्याला हाकलून देत नाहीत. त्याला नेमके प्रश्न विचारतात. नकाशाला विचारायचा नेमका प्रश्न हा, की जिथे आपले लोक आहेत तिथून भेटी किती आल्या?

त्यासाठी भेटींच्या आकड्याखाली लोकसंख्येचा छेद द्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाख ७५ हजारांच्या घरात, म्हणजे ११.८ टक्के होती. जिल्हा जनगणना पुस्तिकांत हे आकडे तालुकानिहाय आणि गावनिहाय मिळतात. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आकडे जुने आहेत, पण तुलनेसाठी उपयोगी आहेत. समजा, एका जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ३ लाख आहे आणि महिन्यात ३,००० भेटी आल्या. दुसऱ्या जिल्ह्यात लोकसंख्या दीड लाख आणि भेटी १५०. पहिल्यात हजारी १०, दुसऱ्यात हजारी १. ठिपक्यांचा नकाशा पहिल्या जिल्ह्याकडे बोट दाखवतो. छेद दिलेला नकाशा दुसऱ्याकडे दाखवतो. कार्यकर्त्याने दुसरीकडे जायचे असते. आणि तिथे जाताना वेबसाईटची जाहिरात घेऊन जायचे नसते. पत्रक, बैठक, महिला मंडळ, विहारातील रविवारची सभा, हीच तिथली साधने.

मोबाईलमुळे होणारी चूक पकडण्याचा उपायही सोपा आणि बिनखर्चाचा आहे. वेगवेगळ्या तालुक्यांतील वीस कार्यकर्त्यांना ठरलेल्या दिवशी आपापल्या गावातून आपापल्या मोबाईलवर वेबसाईट उघडायला सांगा आणि प्रत्येकाला वेगळी लिंक द्या. कोण कुठे उमटले ते ताडून पाहा. उदगीरचा कार्यकर्ता पुण्यात दिसला तर नकाशावर किती विश्वास ठेवायचा ते एका दिवसात कळेल. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येक विहाराच्या, वसतिगृहाच्या, वाचनालयाच्या फलकावर लावायच्या पत्रकावर वेगळा क्यूआर कोड छापणे. मग कोणत्या फलकावरून किती लोक आले हे कळते. जागेची माहिती पत्रकावरून मिळते, माणसाचा माग काढावा लागत नाही.

आणि सर्वांत साधा मार्ग म्हणजे विचारणे! मदतीच्या अर्जात पिनकोडची एक चौकट ठेवा आणि ती भरणे ऐच्छिक ठेवा. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने सिद्ध केली. त्यातील पहिल्या तीन अंकांवरून साधारण जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय. शक्य तर दोन पिनकोड विचारा, एक सध्याच्या राहण्याचा आणि एक मूळ गावचा. दाखल्याचे आणि ऊसतोडीचे कोडे या दुसऱ्या चौकटीने बरेचसे सुटते.

वेबसाईटच्या आकड्यांशेजारी दुसरे आकडे ठेवले की त्यांना अर्थ येतो. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ च्या नियम ३ नुसार अत्याचार घडण्याची शक्यता असलेली क्षेत्रे शोधून काढणे हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. नियम १७ नुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. आपल्या जिल्ह्यात कोणती क्षेत्रे निश्चित केली, गेल्या वर्षात किती बैठका झाल्या, हे माहिती अधिकारात मागा. ती यादी आणि आपला नकाशा समोरासमोर ठेवा. जे क्षेत्र शासनाच्या यादीत आहे आणि आपल्या नकाशावर कोरे आहे, तिथे पहिले विधी साक्षरता शिबिर झाले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० आणि अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. हे ज्या बाईला ठाऊक नाही तिच्यासाठी ते कायद्याच्या पुस्तकातच राहतात. अत्याचाराच्या प्रकरणात पहिले काही दिवस निर्णायक असतात. फिर्याद, वैद्यकीय तपासणी, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब यांत उशीर झाला की पुढे न्यायालयात त्याची किंमत फिर्यादीला मोजावी लागते. म्हणून आपण आधी पोहोचायला हवे.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. लोक अर्ज घेऊन मुंबईला येतील म्हणून समिती कचेरीत बसून राहिली नाही. ती प्रांतभर फिरली. १९२९ साली एका गावातील सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी बाबासाहेब धुळ्याकडे गेले. परतताना त्यांचा बेत थेट मुंबई गाठण्याचा होता, पण चाळीसगावचे लोक स्टेशनवर आले आणि त्यांनी मुक्कामाचा आग्रह धरला. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला, नवख्या माणसाने टांगा हाकला आणि अपघातात बाबासाहेब जखमी झाले. हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. चाळीसगावचा मुक्काम त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात नव्हता. तिथे जे दिसले ते कोणत्याही अर्जात लिहून आले नसते.

आता दुसरी बाजू. कोण कुठून काय पाहतो, ही माहिती चुकीच्या हाती पडली तर? एखाद्या गावात आपली पाच घरे आहेत आणि त्या गावातून ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी द्यावी हे पान चार वेळा उघडले गेले, असे आपण अहवालात छापले. गावच्या पाटलाला आणखी काय सांगायचे उरले? फिर्याद दाखल होण्याआधीच दबाव सुरू होईल, मजुरी बंद होईल, पाणी तोडले जाईल. म्हणून गाव पातळीचा नकाशा कधीही प्रसिद्ध करू नये आणि दहापेक्षा कमी भेटींचा आकडा अहवालात दाखवूच नये. अशी माहिती जिल्हा पातळीवरच एकत्र करावी.

न्या. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संमती मुक्त, माहितीपूर्वक आणि विशिष्ट कारणापुरती असावी, सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचता यावी, हे त्यात आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास त्या कायद्यात मनाई आहे. शिष्यवृत्तीची वेबसाईट पाहणारे निम्मेअधिक विद्यार्थी अकरावी-बारावीचे असतील तर ही तरतूद थेट आपल्यालाच लागू पडते, हे पदाधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपली संस्था धर्मादाय आहे म्हणून कायदा आपल्याला सूट देईल अशा भ्रमात कोणी राहू नये.

बहुतेक संस्था गूगल ॲनालिटिक्स वापरतात, कारण ते फुकट मिळते. त्याची नवी पद्धत आयपी पत्ता साठवत नाही असे ती कंपनी सांगते आणि शहरापर्यंतची बारीक माहिती बंद करण्याची सोयही त्यात आहे. ज्या पानांवर अत्याचाराची माहिती आहे तिथे ती सोय वापरावी. ज्यांच्याकडे थोडे तांत्रिक बळ आहे त्यांनी मॅटोमोसारखे खुले साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे. त्यात पत्त्याचे शेवटचे अंक पुसून टाकता येतात आणि माहिती बाहेरच्या कंपनीकडे जात नाही. मदतीच्या पानांवर जाहिरात कंपन्यांचे कोड तर ठेवूच नयेत. पीडितेने मदतीसाठी उघडलेले पान कोणाच्या धंद्याचा कच्चा माल होता कामा नये.

शेवटी पैशाचा मुद्दा. देणगीदारांना आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीवाल्यांना मोठे आकडे आवडतात. 'एक लाख लोकांपर्यंत पोहोचलो' असे लिहिले की पुढच्या वर्षीचा निधी सोपा होतो. दुर्गम तालुक्यातील चाळीस बायांची बैठक त्यापुढे फिकी दिसते. हा दबाव खरा आहे आणि लहान संस्थांना तो टाळता येत नाही. पण अहवालात एक रकाना वाढवणे आपल्या हाती आहे. कोऱ्या जिल्ह्यांपैकी किती ठिकाणी या वर्षी प्रत्यक्ष गेलो, किती जणांना वकील मिळवून दिला, किती दाखले निघाले, हे त्या रकान्यात लिहा. भेटींचा आकडा त्याच्याखाली येऊ द्या.

प्रत्येक संस्थेने पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत तो नकाशा पुन्हा पडद्यावर लावावा. त्याच्या शेजारी जनगणनेचा तक्ता आणि माहिती अधिकारात मिळालेली क्षेत्रांची यादी ठेवावी. तिन्ही पाहून हजारी भेटी सर्वांत कमी असलेले तीन जिल्हे निवडावेत. त्या जिल्ह्यांसाठी कार्यकर्त्यांची नावे, प्रवासखर्चाची रक्कम आणि तारखा त्याच बैठकीत इतिवृत्तात नोंदवाव्यात, आणि तीन महिन्यांनी कोण गेले आणि कोण नाही याचा जाब अध्यक्षांनी घ्यावा.